एकाच तारेवर अनेक डीएस१८बी२०: क्रमांकाने नव्हे, पत्त्याने वाचा

आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाच्या एकाच पिनवर तापमान मोजणारे चार-पाच डीएस१८बी२० सेन्सर सहज चालतात. डेटा आणि ५ व्होल्ट यांमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर मात्र संपूर्ण तारेसाठी एकच लावा. प्रत्येक सेन्सरला वेगळा लावलात तर एकूण रोध घटतो आणि सेन्सरना डेटाची लाइन शून्य व्होल्टकडे खाली ओढणे जड जाते.

खरी चूक कोडमध्ये होते. ०, १, २ हे क्रमांक सेन्सरच्या जागेवरून नव्हे, प्रत्येक सेन्सरच्या स्वतःच्या ६४ बिटांच्या पत्त्याच्या शोधक्रमावरून ठरतात. नवा सेन्सर जोडला, की कालची ‘टाकी’ आज ‘खोली’ होऊ शकते. म्हणून एकेक सेन्सर एकटा जोडून त्याचा पत्ता छापून घ्या, केबलवर चिठ्ठी लावा आणि कोडमध्ये पत्त्यानेच वाचा. क्रमांकाने वाचताना डॅलस टेम्परेचर लायब्ररी (हे सेन्सर वाचण्याचा तयार कोड) दर वेळी शोध घेते. पत्त्याने वाचल्यास त्या शोधाचा वेळही वाचतो.

मोजणीची आज्ञा सगळ्यांना एकदाच द्या. १२ बिटांच्या बारकाईने मोजायला ७५० मिलिसेकंद लागतात, पण सगळे एकाच वेळी मोजतात. ८५ अंश दिसले तर बहुधा मोजणी पूर्ण होण्याआधीच वाचले गेले किंवा मध्येच वीज तुटली. उणे १२७ म्हणजे सेन्सरशी संपर्कच नाही: आधी जोडणी तपासा. हे दोन्ही आकडे सरासरीत कधीही घेऊ नका.