कलिंगडाच्या मळ्यात मधमाश्या बोलावताना

कलिंगडाचे मादी फूल सूर्य उगवता उगवता उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. त्याला दुसरा दिवस नसतो. तेवढ्या वेळात मधमाश्यांच्या भरपूर फेऱ्या झाल्या तर फळ सगळ्या बाजूंनी सारखे भरते. फेऱ्या कमी पडल्या की ते एका टोकाला बारीक राहते, नाहीतर बोराएवढे होऊन पिवळे पडते आणि गळते. भात कापल्यावर त्याच शेतात लावलेल्या कलिंगडात अशी गळ दिसली की पहिला संशय खतावर जातो. खताची पिशवी उघडण्यापूर्वी सकाळी साडेसातला मळ्यात उभे राहा.

उमललेली दहा फुले डोळ्यांसमोर ठेवा आणि पाच मिनिटांत त्यांवर किती मधमाश्या बसतात ते मोजा. असे लागोपाठ तीन दिवस करा आणि आकडे लिहून ठेवा. वेलींवर फवारायचे गुळाचे पाणी असो वा दुकानातले आकर्षक (माश्यांना ओढून घेणारे द्रव्य), ते जवळपास असलेल्या माश्यांना फक्त बोलावते, नव्या माश्या निर्माण करत नाही. तिन्ही दिवस एकही सातेरी माशी (पेटीत पाळता येणारी देशी मधमाशी) दिसली नाही तर गुळावर पैसे घालू नका, मधपेटी आणा. थोड्या माश्या दिसतात पण पुरत नाहीत, अशा वेळी मात्र आकर्षकाचा खरा उपयोग होतो. आपल्याकडे जानेवारीत हे हमखास घडते, कारण डोंगरउतारावर काजू आणि आंबा मोहरलेला असतो आणि माश्यांचा ओढा तिकडे राहतो.

गुळाचे प्रमाण लिटरला 100 ग्रॅम, म्हणजे 10 टक्के. 1000 चौरस मीटरला 16 लिटरचा फवारणी पंप साधारण तीनदा भरावा लागतो, म्हणून पंपाला 1.6 किलो धरून एकूण पाच किलो गूळ. उसाचा गडद गूळ घ्या, माडाचा महागडा गूळ यासाठी नको. गूळ फोडून कोमट पाण्यात विरघळवा, ओल्या सुती फडक्यातून दोनदा गाळा आणि मग पाणी वाढवा. गाळण्यात कसूर झाली की नोझल तुंबतो आणि पिचकारीसारखे जाड थेंब पडू लागतात. केलेले पाणी त्याच संध्याकाळी संपवायचे. आपल्या उकाड्यात ते दुसऱ्या दिवशी आंबते आणि त्या वासाला मधमाश्यांऐवजी चिलटे आणि गांधीलमाश्या जमतात.

पंप आकर्षकासाठी वेगळाच हवा. कीटकनाशकाच्या पंपात थोडासा अंश राहिला तरी आपण बोलावलेल्या माश्यांना विष पाजल्यासारखे होते, आणि तणनाशकाचा अंश राहिला तर वेलच करपते.

पहिली फवारणी फुले दिसताच करू नका. आधी येतात ती नर फुले. मादी फुलाच्या देठाशी वाटाण्याएवढे केसाळ फळ असते. दहा वेलींमागे एका वेलीवर अशी फुले दिसली की पहिली फवारणी, आणि निम्म्या वेलींवर दिसली की दुसरी. मध्ये साधारण आठवडा जातो. वेळ संध्याकाळी पाचच्या सुमाराची. तेव्हा आजची फुले मिटलेली असतात, उद्याच्या कळ्या बंद असतात, त्यामुळे पराग भिजत नाही. सकाळी उमललेल्या फुलांवर फवारा मारलात तर ओला पराग फुटून वाया जातो.

फुलांच्या आसपासच्या पानांवर बारीक तुषार, बस. दुसऱ्या दिवशी पानावरून बोट फिरवा: किंचित चिकट लागले तर बरोबर. पानाच्या टोकाला थेंब लोंबत असेल तर जास्त झाले. मग माश्या फुलात न शिरता पानच चाटत बसतात, मुंग्या चढतात आणि पुढे पानांवर काळी काजळी धरते. असे दिसले तर पुढच्या वेळी गूळ निम्मा करा.

आता सर्वांत महत्त्वाचे. फळमाशीसाठी गुळात कीटकनाशक कालवून आमिष करतात. फुलोऱ्यात ते वेलीवर मारणे म्हणजे मधमाश्यांचा संहार. फळमाशीसाठी क्यू-ल्युअरचे (नर फळमाशीला ओढणाऱ्या गंधाचे) सापळे लावा. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम यांसारखी आंतरप्रवाही, म्हणजे वेलीच्या रसात भिनणारी, कीटकनाशके फुलातल्या मधात आणि परागातही उतरतात, म्हणून फुलोऱ्याआधीपासूनच ती टाळलेली बरी.

गुळाचे पाणी प्रत्येक पिकाला नको. गोव्यातली खोल्याची मिरची आणि सात शिरांची भेंडी यांचे परागण बहुतांशी स्वतःच होते, तिथे खर्च फुकट जातो. काजूच्या मोहरावर तर मुळीच मारू नका. त्या गोडीला हुमले (झाडावर पानांची घरटी करणाऱ्या, चावणाऱ्या तांबड्या मुंग्या) येतात, आणि हुमल्यांचा वावर असलेल्या फुलावर माशी बसायला धजत नाही. काकडी आणि कारल्याची फुले सकाळची असतात, त्यांना कलिंगडाचीच पद्धत चालते. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते. त्याला हाताने परागण करणे सोपे: ताजे नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते.

मधपेटी आणायची ठरली तर 1000 चौरस मीटरला सातेरीची एक पुरेशी आहे. ती आधीपासून आणून ठेवू नका, माश्यांना काजूची वाट सवयीची होते. दहा वेलींमागे एकीवर मादी फुले दिसली की, रात्री, दाराला जाळी लावून हलवा, आणि जुन्या जागेपासून दोन-तीन किलोमीटर तरी दूर, नाहीतर माश्या परत जुन्या जागी जातात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, शेजारी उथळ परातीत खडे आणि पाणी ठेवा.

फवारणीनंतर पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या सकाळी तीच दहा फुलांची मोजणी करा. पहिल्या आकड्यांपेक्षा वाढ दिसली नाही तर दुसऱ्या फवारणीवर गूळ घालू नका. वेलीवर दोन-तीन फळे लिंबाएवढी झाली की गुळाचा पंप धुऊन ठेवा.