मधुमेहींच्या पायाची जखम चिघळते तेव्हा: या चुका टाळा

‘दुखत नाही, म्हणजे जखम साधीच असणार.’ माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्या की खिळा रुतला तरी कळत नाही. संसर्ग खोलवर गेला तरी ताप येईलच असं नाही. म्हणून वेदनेची वाट न पाहता रोज डोळ्यांनी तपासा: लाली, सूज, गरमपणा, पू, घाण वास. कारण नसताना साखर चढू लागली, तरी पाय बघा.

दुसरी चूक उलट टोकाची. जखम दिसली की घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू करायच्या. जिवाणू प्रत्येक उघड्या जखमेवर असतात. तेवढ्यावरून संसर्ग ठरत नाही. संसर्गाची लक्षणं नसतील तर या गोळ्यांनी जखम लवकर भरत नाही, फक्त औषधाला न जुमानणारे जिवाणू पोसले जातात.

कल्चरसाठी, म्हणजे कोणते जिवाणू आहेत हे प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठी, जखमेवरून वरवर कापूस फिरवला, तर बरेचदा त्वचेवरचेच जिवाणू हाती लागतात. मृत भाग काढून, जखम स्वच्छ करून तळाचा छोटा तुकडा पाठवणं चांगलं, आणि शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी. ताज्या जखमेत बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा स्ट्रेप्टोकॉकस हा जिवाणू सापडतो. जुनाट, आधी औषधं झालेल्या जखमेत सुडोमोनाससारखेही असतात, त्यामुळे अंदाजाने दिलेली गोळी फसू शकते.

गोळ्या घेऊनही फरक नाही? लगेच औषध बदलून मागू नका. पू आत साठलाय का? मृत भाग राहिलाय का? पायाला रक्तपुरवठा पुरेसा आहे का? रक्तच पोहोचत नसेल तर औषध तरी कसं पोहोचणार? मग हाड. जखमेत घातलेली निर्जंतुक सळई हाडाला टेकली तर हाडापर्यंत संसर्ग गेल्याची शंका बळावते. पहिल्या 2-3 आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, म्हणून तो पुन्हा काढावा लागतो. मऊ भागाच्या संसर्गाला साधारण 1 ते 2 आठवडे अँटिबायोटिक पुरतं. संसर्ग झालेलं हाड काढलं नसेल तर सुमारे 6 आठवडे लागतात.

आणि तळव्याच्या जखमेवर चालत राहणं! ड्रेसिंग कितीही उत्तम असो, प्रत्येक पावलाला ती जखम चिरडली जाते. भार काढणारा खास बूट किंवा प्लास्टर डॉक्टरांकडे मागाच.

लाली झपाट्याने पसरतेय, बोट काळं पडतंय, थंडी वाजून ताप येतोय किंवा माणूस गुंगीत जातोय, तर उद्याची अपॉइंटमेंट नको, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.