एक बाटली फसफसते, दुसरी मिळमिळीत: घरच्या बिअरवरचा माझा उपाय

एकाच बॅचमधली एक बाटली उघडताच फेसाने उतू जायची आणि शेजारचीत नुसतं सपक पाणी. दोष यीस्टचा नव्हता, फेसासाठी प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर घालण्याचा होता (ती बाटलीत आंबून वायू तयार होतो). चमचा कधी सपाट, कधी शिगोशीग.

आता २० लिटर बिअरला १२० ग्रॅम साधी साखर वजनकाट्यावर मोजतो. ती ३०० मिली पाण्यात ५ मिनिटं उकळून, गार करून, निर्जंतुक केलेल्या रिकाम्या बादलीच्या तळाशी ओततो आणि वरून बिअर सायफनने सोडतो. नळीचं टोक बादलीच्या तळाशी टेकलेलं हवं. वरून धार पडली की हवा मिसळते आणि चवीला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो. शेवटी चमच्याने अगदी हलकेच ढवळायचं. बाटलीच्या तोंडाशी अडीच सेंटिमीटर जागा सोडायची.

पण बाटल्या भरण्याआधी आंबणं संपल्याची खात्री जास्त महत्त्वाची. एअरलॉकचे (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झाकणावरची झडप) बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं नाही, झाकणातून वायू गळत असला तरी ते थांबतात. हायड्रोमीटरचा (द्रवात तरंगून त्याची घनता, म्हणजे साखर किती उरली याचा अंदाज देणारी काचेची नळी) आकडा तीन दिवसांच्या अंतराने दोनदा सारखाच आला पाहिजे. नमुन्यातले बुडबुडे आधी हलवून काढा, ते हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात. घाई केली तर उरलेली साखर बाटलीत आंबते आणि काच फुटू शकते, इथे तडजोड नको.

मग २० ते २२ अंशांवर दोन आठवडे. एक बाटली प्लास्टिकची भरा: दाबून दगडासारखी कडक लागली की बाकीच्याही तयार.