आखूड डायरेक्शनल बोर्ड पारखायला निघण्याआधी

आखूड, रुंद आणि एकाच दिशेने पळायला घडवलेला स्नोबोर्ड हाती आला की पहिला मोह होतो तो थेट ताज्या भुसभुशीत बर्फात शिरण्याचा. तिथे तो आवडणारच, त्यासाठीच तो बनलेला आहे. पण पारख करायची तर दिवसभरात पायाखाली येणाऱ्या प्रत्येक बर्फात तो कसा वागतो हे बघावं लागतं. आणि जाणवलेला फरक खरोखर बोर्डचाच आहे, वॅक्सचा (तळाला लावायच्या मेणाचा), बोथट एजचा (कडेच्या धातूच्या पातीचा) किंवा चुकीच्या जागी बसवलेल्या बाइंडिंगचा (बूट बोर्डला बांधणाऱ्या सांगाड्याचा) नाही, याची खात्री घरीच करून घ्यावी लागते. म्हणून या यादीतलं निम्म्याहून जास्त काम डोंगरावर पोचण्याआधीचं आहे.

सुरुवात वही-पेनाने करा. काय तपासायचं ते बोर्डच्या मापांतूनच ठरतं. नेहमी 158 सेंटिमीटरचा बोर्ड वापरणारा माणूस या प्रकारात 150 च्या आसपास येतो, आणि कमी झालेली लांबी रुंदीने भरून काढलेली असते. ढोबळ गुणाकार करून बघा: 158 लांबी आणि बोर्डच्या कमरेशी, म्हणजे मधल्या अरुंद जागी, 25.5 रुंदी म्हणजे 4029, तर 150 आणि 27 म्हणजे 4050. बर्फावर टेकणारं क्षेत्र जवळपास तेवढंच राहतं, म्हणून लांबी घटूनही खोल बर्फात तो वर राहतो. एजची लांबी मात्र रुंदीने भरून येत नाही, ती घटते ती घटतेच. शिवाय नोज (पुढचं टोक) टेलपेक्षा (मागच्या टोकापेक्षा) रुंद, म्हणजे टेपर. दोन्ही पाय मध्यापासून मागे सरकलेले, म्हणजे सेटबॅक. पुढे रॉकर (टोकाकडे वर उचललेला बाक) आणि मागच्या पायाखाली कॅम्बर (मध्ये उचललेली कमान), ही यातली नेहमीची जोडी. यातून ज्या शंका निघतात त्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कडक बर्फावर आखूड एज किती धरते? इतका रुंद बोर्ड टाचेवरून चवड्यावर यायला किती वेळ घेतो? वेग वाढला की नोज थडथडतो का? उलट्या दिशेने, म्हणजे स्विच, चालवला तर किती साथ देतो?

खोल बर्फाचा प्रश्न या पानावर मुद्दाम शेवटी ठेवा. 1970 च्या दशकात दिमित्रिये मिलोविच यांच्या विंटरस्टिक कंपनीने दुभंगलेल्या शेपटीचे बोर्ड काढले ते पावडरसाठीच, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फासाठीच. तेव्हापासून या घराण्याची तिथली पत सिद्ध आहे. शंका कडक आणि खडबडीत बर्फाबद्दल आहे, तर वेळही तिकडेच जास्त गेला पाहिजे.

आता बोर्ड जमिनीवर घ्या. आधी बूट. रुंद बोर्ड आहे म्हणजे चवडे बाहेर येणार नाहीत असं गृहीत धरू नका. बूट बाइंडिंगमध्ये घालून पट्टे पूर्ण आवळा आणि बोर्ड सतरंजीवर एका एजवर कलता करत न्या. बुटाचं टोक किंवा बाइंडिंगची कड जमिनीला कुठल्या कोनात टेकते ते बघा, मग टाचेच्या बाजूने तेच करा. दोन्हीकडे बूट साधारण सारखाच बाहेर आला पाहिजे. एकीकडे जास्त असेल तर डिस्कच्या (बाइंडिंगच्या मधल्या चकतीच्या) खाचांतून बाइंडिंग सरकवून घ्या. दोन्ही बाजूंना दीड-दोन सेंटिमीटर बाहेर येणं चांगलंच, कारण त्याच तरफेने रुंद बोर्ड एजवर चढतो. उलट बूट अगदी लहान आणि बोर्ड खूप रुंद असेल तर बोर्ड सुस्त वाटेल, आणि दोष मापाच्या निवडीचा असेल. ही गोष्ट वहीत लिहिलेली असावी, नाहीतर संध्याकाळी ती विसरून बोर्डला नावं ठेवली जातात.

त्यानंतर सेटबॅक. याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. कंपनीने छापलेला आकडा नेमका कुठून मोजलाय ते प्रत्येक वेळी कळत नाही. काही जण तो पूर्ण लांबीच्या मध्यापासून मोजतात, काही एजच्या मध्यापासून, आणि आखूड शेपटीच्या बोर्डवर या दोन्हींत बराच फरक पडतो. म्हणून स्वतः मोजा. नोजजवळची सर्वांत रुंद जागा आणि टेलजवळची सर्वांत रुंद जागा शोधून तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावा, मोजायच्या टेपने अंतर मोजा आणि निम्म्यावर पेन्सिलने रेघ मारा. मग दोन्ही बाइंडिंगच्या डिस्कच्या मध्यांमधलं अंतर मोजून त्याच्या निम्म्यावर दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर हा तुमच्या पायांचा खरा सेटबॅक. बोर्ड सपाट फरशीवर ठेवून खालून कागद सरकवत टेकण्याच्या जागा शोधायची पद्धतही आहे, पण नोजला लांब रॉकर असेल तर कागद फार आतपर्यंत जातो आणि मध्य चुकतो.

पहिल्या दिवशी कंपनीने सांगितलेल्या भोकांवरच उभे राहा. आपल्या जुन्या बोर्डवरची रुंद ठेवण जशीच्या तशी इथे आणायचा आग्रह सोडा, कारण आखूड बोर्डवर पाय फार फाकले की नोज-टेल कडेला उरतच नाहीत. कोनांचंही तसंच. दोन्ही पाय बाहेर वळवलेली डक ठेवण चालते, पण टेपर आणि सेटबॅकचा बोर्ड दोन्ही पाय पुढे बघत असताना जास्त खुलतो. पुढचा पाय 18 ते 21 अंश आणि मागचा 3 ते 6, ही सुरुवात चांगली. सवय नसेल तर हे कोन आधी जुन्या बोर्डवर लावून अर्धा दिवस चालवा, म्हणजे चाचणीच्या दिवशी नवा बोर्ड आणि नवी ठेवण दोन्ही एकदम अंगावर येणार नाहीत.

बाइंडिंगच्या स्क्रूंना स्क्रूड्रायव्हरचं पोझीड्राइव्ह प्रकारातलं 3 नंबरचं बिट लागतं. साधा फिलिप्स घातला तर खाच झिजते आणि डोंगरावर स्क्रू हलेनासा होतो. आधी चारही स्क्रू हाताने अर्धे घाला, मग समोरासमोरचे आवळत जा. फार ताकद लावू नका, इन्सर्ट (बोर्डमध्ये बसवलेलं स्क्रूचं भोक) उखडू शकतो. पहिल्या रननंतर (उताराच्या एका फेरीनंतर) ते पुन्हा एकदा आवळायचे, हे वहीत ठळक लिहा.

एजकडे वळू. बोटाचं नख एजवर हलकेच आडवं ओढा. नखाचा बारीक भुगा निघाला तर धार आहे, नुसतं घसरलं तर नाही. मग बोट लांबीच्या दिशेने, अगदी सावकाश फिरवा. खरखरीत टोचलं तर तिथे बर (धातूचा उचकटलेला कण) आहे, तो धार लावायच्या स्टोनने काढा. बेसच्या (बोर्डच्या तळाच्या) बाजूचा 1 अंशाचा आणि कडेचा 1 ते 2 अंशांचा कोन सर्वसाधारण वापराला पुरतो. महत्त्वाचं हे की तुलनेच्या दोन्ही बोर्डांचे कोन सारखे हवेत. एकाला 2 अंश आणि दुसऱ्याला शून्य असेल तर बर्फाळ उतारावर तुम्ही दुकानातल्या मशीनची तुलना करून घरी याल. नोजच्या वळलेल्या भागाची धार थोडी मारून टाकलेली बरी, पण टेकण्याच्या जागेच्या आत अजिबात हात लावू नका, आखूड बोर्डकडे वाया घालवायला एज नसते.

वॅक्सचा निर्णय बर्फाच्या तापमानावर घ्या. हवेचं आणि बर्फाचं तापमान एकच नसतं: निरभ्र रात्रीनंतर बर्फ हवेपेक्षा बराच थंड असू शकतो, आणि हवा कितीही तापली तरी बर्फ शून्याच्या वर जात नाही. कडक थंडीला कडक वॅक्स, शून्याजवळच्या ओल्या बर्फाला मऊ. दिवसभर सगळ्या प्रकारचा बर्फ हवा असेल तर मधलं कुठलं तरी घ्या आणि दोन्ही बोर्डांना एकाच दिवशी, एकाच हाताने लावा. थंड होऊ द्या, खरवडा, ब्रश करा. बोर्ड चिकटल्यासारखा वाटण्याचं कारण न खरवडलेलं वॅक्सही असू शकतं.

तुलनेचा बोर्ड म्हणजे तुमचा रोजचा, ज्याच्या खोडी तुम्हाला झोपेतही ठाऊक आहेत. तो सोबत न्याच. एकट्या नव्या बोर्डवर दिवस काढला तर आठवणीशी तुलना होते, आणि आठवण जुन्या बोर्डला नेहमी झुकतं माप देते. पद्धत सोपी: एकाच उतारावर आधी जुना, मग नवा, मग परत जुना. तिसरी फेरी कंटाळवाणी वाटते, पण तीच खरी. दरम्यान बर्फ बदललेला असतो, पाय तापलेले किंवा थकलेले असतात. जुना बोर्ड तिसऱ्या फेरीत पहिल्यासारखाच वागला तरच मधल्या फेरीतला फरक नव्या बोर्डच्या नावावर लिहा.

बाकी सामान थोडक्यात: हेल्मेट, दोन काचांचा गॉगल (एक उन्हाची, एक ढगाळ हवेची, कारण सावल्या न पडणाऱ्या सपाट उजेडात उतार दिसत नाही आणि माणूस उगाच घाबरत चालवतो), मनगटाचे गार्ड, खिशात मावणारं बिट, टेप, पेन्सिल आणि छोटी वही. पेन गारठून बंद पडतं. बूट रोजचेच घाला. नव्या बोर्डबरोबर नवे बूट आणले तर सगळी पारख फुकट.

दिवसाची आखणी आदल्या रात्री हवामान बघून करा, कारण एकाच दिवसात चार प्रकारचा बर्फ मिळवायचा तर वेळ गाठावी लागते. रात्री गोठलं असेल आणि दिवसा ऊन पडणार असेल तर सकाळी कडक पिस्ट (मशीनने सपाट केलेला उतार), उशिरा सकाळी उन्हाकडच्या उतारावर दाणेदार मऊ बर्फ, दुपारी गिचका आणि ढिगारे, सावलीच्या बाजूला उरलीसुरली पावडर, असा क्रम लागतो. कडक बर्फ पहिल्यांदा, पाय ताजे असताना.

पिस्टवर मशीनने कंगवा फिरवल्यासारख्या रेघा अजून शाबूत असतील तेव्हा आधी लांब, सावकाश वळणं घ्या आणि मागे वळून आपली खूण बघा. एकच बारीक रेघ उमटली तर एज धरतेय. मागे पंख्यासारखी पसरट खरड दिसली तर टेल निसटतेय. टेल निसटत असेल तर लगेच निकाल देऊ नका. पुढच्या फेरीत वजन थोडं पुढे घ्या. सेटबॅकच्या बोर्डवर माणूस नकळत मागच्या पायावर रेलतो, नोज हलका होतो आणि वळण उशिरा सुरू होतं. पुढच्या पायावर वजन देऊनही टेल निसटली तरच ते बोर्डचं वागणं. मग वेग हळूहळू वाढवा आणि कुठल्या क्षणी नोज थडथडायला लागतो ते ओळखा. रॉकरचा भाग बर्फाला टेकत नसल्याने तो थोडा फडफडणारच. बघायचं इतकंच की ती थडथड पायापर्यंत पोचते का. निळसर बर्फाच्या पट्ट्यावर मुद्दाम जा, पण उतार सौम्य आणि खाली मोकळी जागा असलेला निवडा, आणि वर-खाली कुणी नाही हे बघूनच.

दुपारचे ढिगारे आणि तुडवलेला बर्फ ही या बोर्डची अवघड परीक्षा आहे, आणि बरेच जण ती टाळतात. लांब बोर्ड खड्डे कापत जातो, आखूड बोर्ड प्रत्येक ढिगाऱ्यावर उसळतो. गुडघे मऊ ठेवून एक रन सरळ रेषेत, एक रन ढिगाऱ्यांमधून वळत काढा. दुसऱ्या रनमध्ये आखूडपणाचा फायदा दिसतो, बोर्ड जागच्या जागी फिरतो. शेवटी लिफ्टकडे जाणारा लांब सपाट रस्ता. तिथे बेस पूर्ण सपाट ठेवून बघा, आखूड एजमुळे तो डुगडुगतो का, रुंदीमुळे वेग टिकतो का. स्विच चालवण्यासाठीही हीच जागा बरी.

पिस्टच्या बाहेरच्या पावडरमध्ये जायचं असेल तर यादीचा हा भाग बाकी सगळ्याच्या आधी येतो. त्या दिवसाचं हिमस्खलन पत्रक वाचा. धोक्याची पातळी 1 ते 5 अशी असते, आणि 3 म्हणजे मधली, म्हणून चालेल, असा अर्थ कधीच काढू नका. ती गंभीर पातळी आहे. 30 ते 45 अंशांचे उतार सर्वांत जास्त घसरतात, आणि पावडरमध्ये मजाही तिथेच येते. ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाला शोधणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, आणि ते वापरण्याचा सराव झालेला हवा. झाडीतून जाताना सूचिपर्णी झाडांच्या बुंध्याभोवतीच्या पोकळ बर्फापासून लांब राहा. दोन्ही पाय बोर्डला बांधलेले असताना त्यात डोकं खाली करून पडलं तर एकट्याला निघता येत नाही, म्हणून सोबती नजरेच्या टप्प्यात हवा. यातली एक जरी गोष्ट जमत नसेल तर रिसॉर्टच्या हद्दीतली, गस्त असलेली पावडर पुरे.

तिथे काय बघायचं? मागची मांडी. मध्यावर उभं राहण्याच्या बोर्डवर नोज वर ठेवायला ती सतत राबते. इथे टेपरमुळे टेल आपोआप खाली बसायला हवी आणि दोन्ही पायांवर सारखं वजन असताना नोज वर राहायला हवा. रनच्या तळाशी मांडी पेटलेली असेल तर संध्याकाळी बाइंडिंग एक भोक मागे घ्या आणि दुसऱ्या दिवशी तोच उतार पुन्हा करा.

नोंदी लिफ्टवर बसल्याबसल्या करा. खाली येऊन सूप पिताना नको, तोवर सगळे रन एकमेकांत मिसळलेले असतात. 'मस्त' आणि 'जड' असले शब्द लिहू नका. कुठला बर्फ, कुठला कोन, टाचेच्या वळणात की चवड्याच्या, वळणाच्या सुरुवातीला की शेवटी, हे लिहा. दुसऱ्या दिवशी एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी ठेवण, मग कोन, मग हायबॅकचा (बाइंडिंगच्या टाचेमागच्या आधाराचा) कल. आणि रात्री बोर्ड गाडीत ओला सोडू नका. एज कोरडी पुसा, स्क्रू तपासा, नखाने धार पुन्हा बघा, कारण दुपारच्या त्या ढिगाऱ्यांखाली एखादा दगड लागला असेल तर उद्याचा कडक बर्फ त्या खाचेचा हिशोब बोर्डच्या नावावर मांडेल.