जिताड्याच्या तळ्यातली खार (पाण्याचा खारेपणा) कशी सांभाळावी

अलिबाग-पेणच्या खारेपाटात घराजवळच्या तळ्यात जिताडा सोडायची रीत जुनी आहे. हा मासा समुद्रातही वाढतो आणि पावसाळ्यात गोड्या झालेल्या तळ्यातही, म्हणून पाण्याच्या खारेपणाकडे कुणी फारसं बघत नाही. पण त्याला गोडं चालतं आणि खारं चालतं, तरी एका रात्रीत खाऱ्याचं गोडं झालेलं सोसत नाही.

माशाच्या रक्तात लिटरमागे साधारण 10 ते 12 ग्रॅम क्षार असतात. समुद्रात 35, म्हणजेच 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग क्षार). तळं रक्तापेक्षा गोडं असलं की पाणी कल्ल्यांतून अंगात शिरतं आणि मूत्रपिंडाला ते सारखं उपसावं लागतं. खारं असलं तर उलट. मासा पाणी पीत राहतो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींवाटे बाहेर टाकतो. या कामाची ताकद तुम्ही टाकलेल्या खाद्यातूनच जाते. तेवढं अंगावर मांस कमी धरतं.

आधी मोजा. जिभेला 12 आणि 18 मधला फरक कळत नाही, कितीही अनुभवी जीभ असो. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याच्या थेंबातून खार दाखवणारं छोटं यंत्र घ्या, डिस्टिल्ड पाण्याचा थेंब टाकून आत दिसणारी रेघ शून्यावर आणा, मग तळ्याचं पाणी बघा. वरचं वेगळं, तळाचं वेगळं. काठीला बाटली बांधा, बुचाला दोरी. बाटली तळाशी गेली की दोरी ओढा. रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहा.

बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडताना. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संस्थेने 1997 मध्ये बंदिस्त जिताड्याचं प्रजनन साधलं. अंडी समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यातच नीट फुटतात, त्यामुळे हॅचरीचं, म्हणजे पिल्लं तयार करणाऱ्या केंद्राचं, पाणी 28-30 असू शकतं आणि तुमचं तळं 8. तासाला 2 पीपीटी धरली तरी जुळवायला 10 तास लागतील. पिल्लं ज्या पिशवीतून आणतात तिच्यात हे जमत नाही. हॅचरीवाल्याला आधीच फोन करून खार उतरवून द्यायला सांगा. नाही ऐकलं तर हवा सोडलेल्या टाकीत तळ्याचं पाणी थोडं थोडं घालत राहा.

पहिल्या जोरदार पावसात. सगळ्यात जास्त मासे इथे जातात. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते वर थर धरून बसतं. खालच्या खाऱ्या पाण्यापर्यंत हवा पोचत नाही, आणि तळातली घाण आहे तो प्राणवायू संपवते. म्हणून ओहोटीला उघाडीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) फक्त वरच्या फळ्या काढा आणि वरचं गोडं पाणी जाऊ द्या. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्रभर चालू ठेवा. त्या दिवशी खाद्य निम्म्यावर आणा. मासे खात नाहीत, उरलेलं तळाशी कुजतं.

एप्रिल-मे. वाफ होऊन पाणी जातं, मीठ मागे राहतं. 120 सेंमी पाणी 90 वर आलं की 15 पीपीटीचं 20 होतं. शिवाय 30 अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात सहाच्या थोडा वर. गोडं पाणी भरा, पण दिवसात 2-3 पीपीटीहून जास्त फरक पडू देऊ नका. तळ्यात रोहू-कटला असतील तर 5 च्या पुढे त्यांचं खाणं मंदावतं. हे मासे जिताड्यासारखे सोशिक नाहीत.

जिताडे खाईनासे झाले, अंग काळवंडलं, पाणी येतं त्या तोंडाशी गर्दी करू लागले तर औषध आणण्याआधी वही उघडा. कालच्या आणि आजच्या आकड्यात 6-7 चा फरक दिसला तर कारण बहुधा तिथेच आहे.

कुणी सांगेल, मिठाची पोती टाका. हिशेब करा: 2 गुंठ्यांचं तळं, 1 मीटर पाणी, म्हणजे 2 लाख लिटर. 1 पीपीटी वाढवायला 200 किलो मीठ लागेल. हा उद्योग टाकीपुरताच बरा.