बेव्हन की बेव्हिन? युद्धोत्तर ब्रिटनवर लिहिताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनवरचा मराठी लेख तपासायला आला की मी आधी दोन नावं शोधतो: बेव्हन आणि बेव्हिन. दोघांपैकी एकच सापडलं, तर बहुधा लेखकाने दोन माणसांचा मिळून एक केलेला असतो. देवनागरीत फरक एका वेलांटीचा, पण कारभार पार वेगळा.

अर्नेस्ट बेव्हिन हे वाहतूक कामगारांचे पुढारी, युद्धकाळात कामगारमंत्री आणि १९४५ पासून पंतप्रधान अ‍ॅटलींचे परराष्ट्रमंत्री. पॅलेस्टाईन, जर्मनी, नाटो असे विषय आले की समजा, बेव्हिन. अनायरिन बेव्हन वेल्सचे, पोरवयातच कोळशाच्या खाणीत उतरलेले. त्यांनी आरोग्यमंत्री म्हणून ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. खाण म्हणजे बेव्हन अशी खूणगाठ मात्र बांधू नका. युद्धात सैन्याऐवजी चिठ्ठ्या टाकून खाणीत पाठवलेली पोरं ‘बेव्हिन बॉइज’ म्हणून ओळखली जातात, आणि ते नाव कामगारमंत्री बेव्हिन यांच्यावरून पडलं. भरीस भर म्हणजे एप्रिल १९५१ मध्ये बेव्हिन वारले आणि त्याच महिन्यात बेव्हन यांनी राजीनामा दिला. ‘बेव्हन यांचे निधन’ असं त्या महिन्यात दिसलं, तर वेलांटी राहिली आहे. बेव्हन गेले १९६० मध्ये.

राजीनाम्याचं कारण होतं दातांच्या कवळ्या आणि चष्मे. त्यावर शुल्क लावायचं सरकारने ठरवलं आणि बेव्हन उठले; सहकारी मंत्री हॅरॉल्ड विल्सनही त्यांच्यासोबत सरकारातून बाहेर पडले. तेव्हा ‘ही सेवा कायम पूर्णपणे मोफत होती’ हे वाक्य लगेच काढा. १९५२ मध्ये औषधाच्या चिठ्ठीमागे एक शिलिंगही बसला.

या शिलिंगाचे दहा पेन्स करू नका. १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड होता. नव्या हिशेबात एक शिलिंग म्हणजे पाच पेन्स. आणे-पैची सवय असलेल्या आपल्या आजोबांना हे समजावून सांगावं लागलं नसतं.

आपल्याकडची लाडकी चूक म्हणजे १९४७ मध्ये चर्चिलना पंतप्रधान करणं. २६ जुलै १९४५ ला निकाल लागला आणि चर्चिल विरोधी बाकांवर गेले. भारताच्या स्वातंत्र्याचा कायदा झाला तो मजूर पक्षाच्या अ‍ॅटलींच्या सरकारात. चर्चिल परतले १९५१ मध्ये. त्या निवडणुकीचा आकडा जुळत नाही म्हणून लोक गोंधळतात: मजूर पक्षाला मतं जास्त आणि जागा २९५, चर्चिलच्या हुजूर पक्षाला मित्रपक्षांसह मतं कमी आणि जागा ३२१. छापखान्याची चूक नाही ही. मतं देशभर मोजतात, जागा मतदारसंघागणिक मिळते. फेब्रुवारी १९७४ मध्ये उलटा खेळ झाला. हुजूर पक्षाच्या हीथ यांची मतं जास्त होती, पण मजूर पक्षाच्या विल्सन यांना ३०१ जागा मिळाल्या, हीथना २९७. त्या वर्षी ऑक्टोबरातही निवडणूक झाली, म्हणून नुसतं ‘१९७४ ची निवडणूक’ लिहिलं की मी महिना विचारतो.

युद्ध संपलं म्हणजे रेशन संपलं, हाही एक समज. प्रत्यक्षात युद्धभर मोकळा असलेला पाव जुलै १९४६ मध्ये रेशनवर गेला आणि दोन वर्षं तिथेच राहिला. मांसावरचं नियंत्रण उठायला १९५४ चा जुलै उजाडला.

शेवटचं, अवतरणचिन्हांबद्दल. जानेवारी १९७९ मध्ये संपांनी देश हैराण असताना पंतप्रधान जेम्स कॅलाहन परदेशातल्या परिषदेहून परतले. ‘संकट? कसलं संकट?’ हे त्यांच्या तोंडी घातलं जातं, पण तो ‘द सन’ या दैनिकाचा मथळा होता. अवतरण ठेवायचं तर श्रेय दैनिकाला द्या. दोनच महिन्यांनी, २८ मार्चला, अविश्वासाच्या ठरावावर कॅलाहन यांचं सरकार पडलं, ३११ विरुद्ध ३१०. हा एका मताचा फरक मात्र खराच आहे, तो ‘दुरुस्त’ करू नका.