निरोपाचं जेवण: आधी बिलाचं बोला

परदेशातली नोकरी सोडताना सहकाऱ्यांसोबत निरोपाचं जेवण ठेवणार असाल, तर सगळ्यात आधी बिल कोण भरणार ते ठरवा. जागा नंतर, तारीख नंतर. मागच्या वेळी मी बाकी सगळं चोख केलं आणि नेमकं हेच राहिलं. अकरा माणसं, मधोमध बिल, आणि जो तो त्याच्याकडे न बघता पाणी पितोय. मला वाटत होतं, निरोप माझा, म्हणजे पाहुणा मी. जर्मन सहकाऱ्याच्या डोक्यात उलटं, त्यांच्याकडे जाणाराच सगळ्यांना खाऊ घालतो. जपानी बाईंच्या हिशेबाने मला वगळून बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. आपापल्या जागी तिघंही बरोबर. शेवटी लाजेकाजेस्तव मी कार्ड पुढे केलं, तर ते चालेना. निघायचं म्हणून दोनच दिवसांपूर्वी खातं रिकामं करून बसलो होतो.

तेव्हा निमंत्रणातच लिहा: ‘जेवण माझ्याकडून’ किंवा ‘प्रत्येकाने आपापलं’. नुसतं ‘चला, जेवायला जाऊ’ लिहिलंत तर प्रत्येक जण आपल्या घरची रीत धरून येतो.

तारीख आकड्यांत नको. 5/6 म्हणजे आपला 5 जून, अमेरिकन माणसाचा 6 मे. महिना अक्षरात लिहा, वारही लिहा. ज्यू सहकारी शब्बाथ (शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा त्यांचा विश्रांतीचा दिवस) पाळत असेल तर शुक्रवारची संध्याकाळ बाद. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. रोजे चालू असतील तर सूर्यास्तानंतरची वेळ धरा.

खाण्याचं ‘काही पथ्य आहे का?’ असं सगळ्यांना मिळून विचारलं की सगळे ‘काहीही चालेल’ म्हणतात आणि आयत्या वेळी कोणीतरी कोरडा पाव चघळत बसतो. एकेकाला वेगळं विचारा, पदार्थांची नावं घेऊन. ‘शाकाहारी’ या शब्दावर तर मुळीच विसंबू नका. कोणी मासे खाऊनही स्वतःला शाकाहारी म्हणवतो, तर कोणाला चीजमधलं रेनेटसुद्धा (दूध घट्ट करायला घालतात ते) चालत नाही, कारण ते वासराच्या जठरातून काढलेलं असू शकतं. गोडातलं जिलेटिन (पदार्थ थिजवायला घालतात ते) बहुतेक वेळा प्राण्यांचंच असतं. हलाल (मुस्लिमांचे आहारनियम) किंवा कोशर (ज्यूंचे) म्हणजे नुसतं डुक्कर टाळणं नव्हे. सॉसमधली वाइनही विचारावी लागते. शेंगदाण्याची ॲलर्जी हा नखरा नाही, त्यात जीव जाऊ शकतो. टेबल राखतानाच फोनवर सांगा, पोचल्यावर वेटरला पुन्हा सांगा. आणि पथ्यं विचारायला मेसेज पाठवलात तर त्यातही बिलाची ओळ आहे ना, बघा.

जागा शांत हवी. परक्या भाषेत बोलणाऱ्याला गोंगाटात निम्मं ऐकू येत नाही, मग तो नुसता हसत मान हलवतो. लांबलचक टेबलावर दोन टोकांच्या दोन वेगळ्या पार्ट्या होतात, म्हणून गोल टेबल मिळालं तर उत्तम. न पिणाऱ्यांसाठी साध्या पाण्यापलीकडे काहीतरी असू द्या.

रेस्टॉरंटला फोन केलाच आहे तर तीन गोष्टी विचारून घ्या (मी विचारल्या नव्हत्या, सांगायला नकोच): बिल वेगवेगळं करून मिळेल का, मोठ्या गटावर सेवाशुल्क आपोआप लागतं का, आणि दोन कार्डांवर वाटून घेतात का. टीपचं त्या देशाप्रमाणे. अमेरिकेत 15 ते 20 टक्के धरून चालतात, जपानमध्ये देतच नाहीत. ‘आपापलं’ ठरलं तरी एक जण हिशेबाला नेमा, आणि तो तुम्ही नको.

कार्ड. त्या सकाळी खात्यात पैसे आहेत का बघा, खर्चाची मर्यादा बघा, दुसरं कार्ड जवळ ठेवा, थोडी रोख ठेवा. खातं बंद करायचं ते जेवणानंतर. सामान बांधण्याच्या गडबडीत ‘हेही उरकून टाकू’ असं वाटेल. नका उरकू.

बाकी भराभर. भाषण दोन मिनिटं, विनोद कमी, नावांचे उच्चार आधी विचारून घेतलेले. आपल्या गावचं कोणी भेटलं तरी टेबलावर मराठी सुरू करू नका. फोटो विचारून. ऑफिसचा ईमेल बंद व्हायच्या आत सगळ्यांचे खासगी पत्ते. शेवटच्या गाडीची वेळ.

आणि निमंत्रण पाठवलंय ना? उघडून परत वाचा. बिलाची ओळ आहे?